ताप दोन अंशांनी उतरला, म्हणजे किती?

घरात ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात, हवामान खाते सेल्सिअसमध्ये बोलते. सूत्र मुलांना पाठ असते: ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. १०४ चे ४० येतात. आता विचारा, ताप १०४ वरून १०२ वर आला, तर सेल्सिअसमध्ये किती उतरला? सूत्रात २ घातले की उत्तर उणे १६.७. म्हणजे ताप चढलाच की!

बर्फ वितळताना एका पट्टीवर ० असते, दुसरीवर ३२. फरक काढताना हे ३२ दोन्ही नोंदींतून जाते, उरतो फक्त अंशाचा आकार. बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत इथे १०० पायऱ्या, तिथे १८०. म्हणून २ चे १.१. पॅरिस करारातली (२०१५) दीड अंश तापमानवाढ अमेरिकी वाचकाला २.७ सांगावी लागते, ३४.७ नव्हे.