हजेरीपत्रक आणि डेंग्यू : मुलांमधला संसर्ग कसा मोजतात?



पावसाळा लागला की वर्गात "सर, त्याला ताप आलाय" हे वाक्य रोज कानावर पडतं. आपण हजेरीपत्रकात गैरहजेरी मांडतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. पण थायलंडमध्ये शाळेतल्या याच नोंदींच्या मदतीने डेंग्यूचा माग काढला गेला. तो कसा, ते आज समजून घेऊ.

दवाखान्यातला आकडा अपुरा का?

डेंग्यूचा संसर्ग झालेल्या पुष्कळ मुलांना काहीच त्रास होत नाही, किंवा दोन दिवस अंग कसकसतं आणि संपतं. ही मुलं दवाखान्यात जातच नाहीत, म्हणून ती आकड्यात येत नाहीत.

"त्रासच नाही, तर मोजायचं कशाला?" असं कुणीही विचारेल. कारण डेंग्यूच्या विषाणूचे 4 प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग झाला की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. बाकीच्या प्रकारांपासून मात्र काही काळच. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. जुनी प्रतिपिंडं नव्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट पेशीत शिरायला त्याला मदतच होते. म्हणजे न कळलेला पहिला संसर्गही महत्त्वाचा ठरतो.

कामफेंग फेट इथला अभ्यास

बँकॉकच्या उत्तरेला असलेल्या या प्रांतात 1998 मध्ये प्राथमिक शाळांतल्या सुमारे दोन हजार मुलांचा अभ्यास सुरू झाला. डेंग्यूच्या हंगामात मूल शाळेत आलं नाही की आरोग्य कर्मचारी चौकशी करत, ताप मोजत आणि गरज असेल तर रक्त तपासत. शिवाय सगळ्याच मुलांचं रक्त ठरावीक काळाने घेतलं जाई. हंगामाच्या आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांतली प्रतिपिंडं ताडून पाहिली की आजारी न पडलेल्या मुलांचा संसर्गही उघड होई.

फिलिपिन्सचा धडा

2016 मध्ये फिलिपिन्सने शाळकरी मुलांना डेंग्यूची लस द्यायला सुरुवात केली. 8 लाखांहून अधिक मुलांना ती मिळाली. नोव्हेंबर 2017 मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केलं, की आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांना ही लस दिल्यास पुढे गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. मोहीम थांबली. पालकांचा इतर लसींवरचा विश्वासही डळमळला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने या लसीआधी रक्ततपासणी करावी असं सुचवलं. कोणत्या मुलाला आधी संसर्ग झालाय, हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते इथे दिसतं.

आपण काय करू शकतो?

1. गैरहजेरीसोबत कारण आणि वस्तीही लिहा. एकाच वस्तीतली दोन-तीन मुलं तापाने घरी असतील तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

2. तपासणी कोणत्या दिवशी केली, ते महत्त्वाचं आहे. एनएस-1 चाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांत उपयोगी; आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. एक चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

3. ताप उतरला म्हणजे मूल बरं झालं असं समजू नका. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी असतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप मरगळ, लघवी कमी होणं – यांतलं काहीही दिसलं तर ताबडतोब दवाखाना गाठा.

4. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी डॉक्टर सांगतील त्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या.

5. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली रिकामी करून घासून घ्या, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

सोमवारी हजेरी घेताना "का आला नाही?" एवढं जरूर विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.