कंधारचे महाल आणि कंधारची गुरे

हिंदुस्थानातील नामांकित राजवाडे पाहावयास निघालेल्या प्रवाशाच्या मनात अशी एक जुनी हौस असते की, महालांच्या कमानी आणि सज्जे पाहता पाहता राजवैभवाचे एखादे जिवंत चिन्हही आपल्या दृष्टीस पडावे. आणि जयपूरजवळच्या आमेर किल्ल्याची चढण चढणारे रंगविलेले हत्ती, किंवा म्हैसूरच्या दसऱ्यात सुमारे ७५० किलो वजनाची सुवर्ण-अंबारी पाठीवर वाहणारा गजराज पाहिला म्हणजे ती हौस यथासांग पुरी होते. मराठवाड्यात मात्र असा देखावा मांडून ठेवलेला नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत जे राजवाडे आहेत त्यांची छपरे कोसळली आहेत, त्यांच्या धन्यांची वंशावळ शोधावयास ग्रंथ उघडावे लागतात, आणि प्रवासी कंपन्यांच्या यादीत त्यांना क्वचितच स्थान मिळते. परंतु ज्या प्राण्यांच्या बळावर ते राजवाडे उभे राहिले आणि टिकले, त्यांची संतती या भूमीत अद्याप नांदते आहे. ती शोभेसाठी राखलेली नसून शेतकऱ्याच्या गोठ्यात, गायरानात आणि यात्रेच्या माळावर आपले नित्याचे काम करीत असते. माझ्या मते हा वारसा हत्तीच्या झुलीपेक्षा अधिक मोलाचा आहे, आणि तो पाहण्यासाठी एक सबंध दिवस काढावा अशा योग्यतेचा आहे.

दिवसाचा आरंभ नांदेडास करावा. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली गोदावरीच्या तीरी ज्या ठिकाणी देह ठेवला, तेथे महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभारली, हे सर्वश्रुत आहे; पण तेथे दर्शनाला जाणाऱ्या आपल्याकडील पुष्कळांना तेथील अश्वशाळेची वार्ता नसते. गुरूंच्या घोड्याचा वंश येथे जतन केला आहे अशी भाविकांची श्रद्धा असून, दसरा आणि होळीच्या हल्ला-मिरवणुकीत हे घोडे शृंगारून अग्रभागी चालविले जातात. पाठीवर स्वार नसलेला, तरीही सर्वांनी मान देऊन वाट करून द्यावी असा घोडा रस्त्यातून जाताना पाहणे हा एक विलक्षण अनुभव आहे.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या सडकेवर लोहा लागते आणि तेथून कंधारचा फाटा फुटतो. मन्याड नदीच्या परिसरातील हे तालुक्याचे गाव आज शांत दिसते. पण राष्ट्रकूट सम्राटांच्या बिरुदांत लातूरचे प्राचीन नाव मानले गेलेले लत्तलूर जसे येते, तसेच कंधारपूरही येते, इतकी या प्रदेशाची पुरातन प्रतिष्ठा आहे. दहाव्या शतकातील तिसऱ्या कृष्णाच्या काळचा कोरीव लेख येथे सापडला असून, जगत्तुंगसमुद्र नावाच्या विस्तीर्ण तलावाचा त्यात उल्लेख आहे. क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे भग्न अवयवही येथे मिळाले; त्या पावलांचा आकार पाहून समग्र मूर्तीची कल्पना करू लागले की माणूस काही क्षण निःशब्द होतो. पुढे काकतीय, यादव, बहमनी, बरीदशाही आणि निजामशाही अशा सत्तांच्या हाती हे ठाणे फिरत राहिले. बहमनी राज्याच्या अखेरच्या काळात औसा, कंधार आणि उदगीर ही तिन्ही ठाणी कासीम बरीदच्या जहागिरीत होती. १६३१ साली कंधार मोगलांनी जिंकले, आणि शेवटी ते हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखाली गेले, तो अंमल १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपला.

कंधारचा किल्ला हा भुईकोट. डोंगराचा आधार नसल्यामुळे त्याचे सारे बळ दुहेरी तटात आणि रुंद खंदकात साठविलेले आहे. पावसाळा सरल्यावर या खंदकात पाणी असते, आणि तेथेच पाहुण्याची पहिली भेट प्राण्यांशी होते. म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या असतात, त्यांच्या पाठीवर बगळे निर्भयपणे उभे असतात, आणि तटाच्या सांध्यातून उगवलेल्या पिंपळाच्या फांदीवरून खंड्या मासा हेरून खाली झेपावतो. शत्रूला अडविण्यासाठी खणलेल्या या जलाशयाने आज जेवढ्या जिवांना आश्रय दिला आहे, तेवढा त्याने आपल्या ऐन उमेदीच्या काळात शिबंदीलाही दिला नसेल. एकामागून एक दरवाजे ओलांडीत, वाकड्या वळणांच्या वाटेने आत गेले की लाल महाल, शीशमहाल, अंबारखाना, हौद आणि मशीद अशा वास्तूंचे अवशेष दिसू लागतात. शीशमहालात आता आरसे नाहीत. ज्या भिंतींवरून दिव्यांचे प्रकाश परावर्तित होत असत त्या भिंतींच्या कोनाड्यांत पारव्यांचा घुमारा चाललेला असतो, राव्यांचे थवे चुन्याच्या ढोल्यांतून ये-जा करतात, आणि अंधाऱ्या दालनाच्या छताला वटवाघळांचे झुंबर लोंबत असते. त्या दालनांत दिवा पाजळून कल्ला करीत शिरू नये. दिवसाची झोप मोडलेली वटवाघळे भेदरून उडतात, आणि उंच कमानीखाली आग्यामोहोळ असले तर धुराने किंवा गोंगाटाने ते उठण्याचा संभव असतो. उन्हाला अंग शेकीत तटावर पडलेली घोरपड, बाभळींच्या आडोशाने तुरुतुरु जाणारी सरड्या-खारींची वसाहत, आणि फांद्यांवर शेपट्या सोडून बसलेली वानरे यांना मात्र दुरून निवांत पाहावे, खाऊ टाकून त्यांना माणसाच्या हाताची सवय लावू नये.

महालांतून हिंडताना एक विचार माझ्या मनात वारंवार येतो. दरबाराचे वर्णन करणाऱ्या आपल्या इतिहासकारांनी सिंहासन, खिलत आणि नजराणे यांविषयी पानेच्या पाने लिहिली; पण जुन्या राज्यकारभाराच्या दप्तरात पागा, पीलखाना आणि शुतुरखाना ही खाती स्वतंत्र होती, त्यांना दरोगे नेमलेले होते, दाणावैरणीचा हिशेब रोजच्या रोज लिहिला जात असे, आणि किल्लेदाराच्या कर्तबगारीची परीक्षा गंजीतल्या कडब्यावरूनही होत असे. घोडा हा लढाईत दिसे. परंतु तोफ ओढणारा, धान्याच्या गोण्या वाहणारा, खंदकाची माती काढणारा आणि शांततेच्या काळात महसूल पिकविणारा जीव होता तो बैल. नांदेड-लातूरच्या माळरानावर आजही ज्यांचे तांडे विखुरलेले आहेत त्या बंजारा समाजाने हजारो बैलांच्या पाठीवरून दख्खनच्या फौजांना धान्य आणि मीठ पुरविले, आणि तो पुरवठा तुटला की मोठमोठ्या सेनापतींचे बेत फसले.

या बैलाचे कुळ कंधारातच भेटते. किल्ल्याच्या बाहेर पडून आसपासच्या कोणत्याही खेड्याची वाट धरावी. चरून परतणाऱ्या ज्या जितराबांची गर्द तांबडी कांती तिरप्या उन्हात उठून दिसते, ती लाल कंधारी गुरे. चौथ्या शतकात येथे राज्य करणाऱ्या सोमदेवराय नावाच्या राजाने या जातीची जोपासना केली अशी आख्यायिका पशुशास्त्राच्या पुस्तकांतूनही दिली जाते. राजाचे नाव आणि शतक परंपरेच्या स्वाधीन ठेवले तरी, एका राजधानीच्या भोवती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून राखल्यावाचून रंगाचा आणि ठेवणीचा असा एकजिनसीपणा येत नाही, हे माझे मत आहे. अंग मध्यम बांध्याचे, कान लांब व खाली झुकलेले, डोळ्यांभोवती काळसर कडा, आणि नराचा रंग मादीपेक्षा अंमळ गडद. दुधाच्या मापाने ही गाय संकरित गाईच्या शेजारी उभी राहणार नाही. पण ज्या मुलखात वैशाखात विहिरी आटतात आणि कडब्याच्या पेंढीला सोन्याचा भाव येतो, तेथे थोड्या वैरणीवर तग धरून चिकट काळ्या रानात दिवसभर औत ओढणारा बैल देणे, हे तिचे खरे दान होय. कंधार, मुखेड, लोहा या बाजूला ही गुरे विशेष आढळतात. अहमदपुराकडेही ती आहेत. मालकाची परवानगी घेऊन गोठ्यात गेले तर तेथे मिळणारे आदरातिथ्य आणि जनावरांच्या खोडी, वळण आणि वंश यांविषयीची माहिती कोणत्याही वाटाड्याच्या पाठ केलेल्या भाषणाहून सरस असते.

दिवस मार्गशीर्षाच्या अखेरीचा असेल तर लोह्याच्या पुढे माळेगावी थांबल्यावाचून गत्यंतर नाही. तेथील खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे, खेचरे, गाई-बैल आणि शिकारी कुत्री यांचा जो बाजार भरतो, त्याला महाराष्ट्रात तोड क्वचितच सापडेल. देवाचे वाहन घोडा आणि त्याच्या पायाशी कुत्रा, तेव्हा त्याच्या दारी प्राण्यांना मान मिळावा हे स्वाभाविकच आहे. वाघ्या-मुरळ्यांचा गजर, भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट, घोड्याचे दात पाहून वय ठरविणारे जाणकार, आणि उपरण्याखाली बोटे दाबून चाललेला सौदा, हे सारे पाहताना पडक्या पागेत आणि पीलखान्यात जे उरलेले नाही ते या माळावर अजून शाबूत आहे, याची खात्री पटते.

अहमदपूर आणि शिरूर ताजबंद मागे टाकून उदगीरला पोहोचावे. येथील किल्ल्यातही महाल आणि दरबाराच्या जागा आहेत, खंदक सुमारे ४० फूट खोल आहे, आणि उदागीरबाबांची समाधी जमिनीखाली आहे. १६३६ साली हा किल्ला आणि औसा, दोन्ही मोगलांच्या हाती गेले. परंतु मराठी वाचकाला उदगीर हे नाव आठवते ते ३ फेब्रुवारी १७६० या तारखेमुळे. त्या दिवशी सदाशिवरावभाऊंनी, इब्राहीमखान गारद्याच्या तोफखान्यासह, निजामाच्या फौजेचा पराभव केला, आणि सुमारे साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख व दौलताबादसारखे किल्ले पेशव्यांच्या पदरात पडले. तीच विजयी फौज घेऊन भाऊ परतूरहून उत्तरेस गेले. आणि उदगीरच्या विजयाला वर्ष पुरे होण्यापूर्वी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत घडले, ज्याच्या आधी कित्येक आठवडे छावणीतील घोडी आणि बैल वैरणीवाचून तडफडून मरत होते. उदगीरच्या तटावर उभे राहून दक्षिणेकडील हिरवी कुरणे पाहताना हा योग मनातून जात नाही.

त्या कुरणांच्या दिशेलाच देवणी आहे. तेथील गुरे लाल कंधारीहून सर्वस्वी निराळी: कपाळ फुगीर, कान लोंबते, ठेवण गीर गाईची आठवण करून देणारी, आणि रंग पांढऱ्या-काळ्याच्या खेळाचा. शेतकऱ्यांनी त्यात तीन भेद मानले आहेत. पांढऱ्या अंगाचा व तोंडाच्या बाजूस काळसर तो वानेरा, पोटाखालच्या भागी काळे ठिपके असलेला बालंक्या, आणि अंगभर विस्कळित काळे डाग विखुरलेला शेवरा. ही जात दुधालाही बरी आणि औतालाही भक्कम, म्हणून एके काळी तिची कीर्ती तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमा ओलांडून पसरली. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने या गुरांविषयी शास्त्रशुद्ध माहितीही येथे मिळू शकते.

मला चिंता वाटते ती येथे. किल्ला राज्य संरक्षित स्मारक ठरला की त्याचा दगड हलविणाऱ्याला शासन करण्याची तरतूद असते. परंतु कंधारची आणि देवणीची शुद्ध वंशावळ ज्या गोठ्यांत टिकून आहे, त्या गोठ्यांच्या मालकाला ट्रॅक्टरचे भाडे, वैरणीची महागाई आणि संकरित गाईच्या दुधाचा हिशेब या तिहेरी ताणाला एकट्यानेच तोंड द्यावे लागते. आपण आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस साजरी करतो, पोळ्याला शिंगे रंगवितो. पण ज्याच्या दारी खरीखुरी लाल कंधारी गाय बांधलेली आहे, त्याला तिचा वंश राखण्याचे बळ मिळावे याचा विचार आपण सहसा करीत नाही.

म्हणून दोन विनंत्या. कंधारच्या किल्ल्याच्या दारापाशी लाल कंधारीचा, आणि उदगीरला देवणीचा, एकेक निवडक कळप शेतकऱ्यांच्याच मालकीचा राहील अशा रीतीने ठेवून, येणाऱ्याला तो पाहता यावा आणि त्याबद्दल मालकाला योग्य मोबदला मिळावा, अशी योजना दोन्ही जिल्हा परिषदांनी पशुसंवर्धन खात्याच्या सल्ल्याने आखावी. आणि वाचकांनी या वर्षी, पावसाने खंदक भरलेला आणि ऊन कोवळे असताना, म्हणजे दिवाळी ते माघ या मुदतीत, मुलाबाळांसह कंधारला जावे, महाल पाहावेत, आणि परतताना एखाद्या गोठ्याच्या दाराशी थांबून घरधन्याला त्याच्या गाईचे नाव विचारावे.