नलिकेचं काम: आधी सगळं बाहेर, मग हवं ते परत

मागच्या व्याख्यानात आपण मूत्रपिंडाची रचना पाहिली. आज त्यातली नलिका काय करते ते बघू. शेवटी लघवीच्या एका रिपोर्टकडे येऊ, कारण तो चुकीचा वाचला तर चांगलं लागू पडलेलं औषध उगाच बंद होतं.

आपला सर्वसाधारण समज असा, की मूत्रपिंड रक्तातली घाण शोधून बाहेर टाकतं. प्रत्यक्षात बरंचसं काम उलट्या बाजूनं चालतं. दिवाळीच्या आधी आपण माळा कसा आवरतो? सगळं सामान खाली काढतो, हवं ते परत वर ठेवतो, उरलेलं भंगारवाल्याला. मूत्रपिंड हेच करतं, फक्त रोज आणि चोवीस तास.

एका मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. तिथे रक्त गाळलं जातं. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं मोठी, ती रक्तातच राहतात. पाणी, क्षार, साखर, युरिया हे सगळं नलिकेत उतरतं. दिवसाला असं सुमारे १८० लिटर! आपल्या शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम ३ लिटर. म्हणजे तोच दिवसातून ६० वेळा गाळून निघतो. आणि लघवी होते किती? दीड-दोन लिटर. मग बाकीचं गेलं कुठे? नलिकेनं ते परत रक्तात घेतलं. यालाच आपण पुनःशोषण म्हणतो.

नलिकेच्या पहिल्या नागमोडी भागातच सुमारे दोन तृतीयांश सोडियम परत घेतलं जातं आणि त्याच्या मागोमाग पाणीही येतं. पुढे हेन्लेचा वळसा लागतो. शेवटच्या संग्राहक नलिकेत पाणी किती राखायचं, हे मेंदूतून आलेलं एक संप्रेरक ठरवतं. उन्हात राबून आल्यावर लघवी थोडी आणि गडद पिवळी होते ना? ती ही पाण्याची काटकसर.

आता साखर. रोज सुमारे १८० ग्रॅम साखर नलिकेत उतरते आणि निरोगी माणसात जवळजवळ सगळी परत जाते. तिला उचलणारी वाहक प्रथिनं मात्र मोजकीच. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की ती अपुरी पडतात आणि साखर लघवीत दिसू लागते. म्हणून लघवीत साखर नाही, तेव्हा मधुमेह नाही, असं आपण कधीच धरू नये. उपाशीपोटी १५० असली तरी तो मधुमेहच, पण लघवी स्वच्छ दिसू शकते.

याची दुसरी बाजूही आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हे वाहकच अडवतात. त्या घेणाऱ्याच्या लघवीत साखर येणारच. ते औषधाचं कामच आहे. अनेक रुग्णांत या गोळ्या मूत्रपिंडाची झीजही मंदावतात. तेव्हा रिपोर्टवरची अधिक चिन्हं पाहून घाबरून गोळी सोडायची नाही. हां, उलट्या होत असतील, जेवण जात नसेल, तर लगेच डॉक्टरांना विचारायचं. अशा वेळी ती काही दिवस थांबवावी लागते.

गाळणीच्या जाळीतून प्रथिनं निसटू लागली तर काय होतं, ते पुढच्या वेळी पाहू.