आईवडिलांसाठी संगणक : जोडून घ्यावा की तयार घ्यावा?



स्मरणिकेत दरवर्षी धम्म, शिक्षण आणि चळवळ यांवर विचारप्रवर्तक लेख येतात. यंदा आम्ही थोडा घरगुती विषय घेत आहोत. आपले पुष्कळ सभासद नोकरीनिमित्त पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, मुंबई येथे राहतात आणि आईवडील जुन्नर-आंबेगावच्या गावांत. जयंतीला सगळे घरी जमले की कोणी ना कोणी आम्हाला बाजूला घेऊन विचारतेच, "आईवडिलांना एक कॉम्प्युटर घेऊन द्यायचा आहे, पण स्वस्तात. सुटे भाग आणून जोडून घेऊ की कंपनीचा तयार घेऊ?" आम्ही कला शाखेचे पदवीधर. संगणकाविषयी जे काही शिकलो ते बँकेच्या काउंटरवर आणि स्वतःच्या चुकांतून. त्यांतली मोठी चूक आधी सांगतो.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होणार म्हणून त्या जूनमध्ये आम्ही घाईघाईने पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या, कॅबिनेट तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी शे-दोनशे वाचवले आणि रविवारी घरी बसून यंत्र जोडले. पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा झालेला आनंद खोटा नव्हता. ते गावी आबांच्या टेबलावर ठेवून, "आबा, आता सगळं घरबसल्या होईल," असे सांगून आम्ही परत आलो. महिनाभरात एका पावसाळी रात्री वीज चमकली, दिवे लालसर झाले आणि यंत्र बंद पडले. घराला अर्थिंग नव्हते. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. यंत्र एसटीतून पुण्याला आणले. एक दुकानदार म्हणाला, भाग आमचा नाही. दुसरा म्हणाला, बिल दाखवा. बिल आम्ही घेतलेच नव्हते! यात दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत आबांनी काय करावे? निवृत्त प्राथमिक शिक्षक, उभ्या आयुष्यात कोणाची उधारी न केलेला माणूस. त्यांनी नेटबँकिंगचे नाव आणि पासवर्ड सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून बाजारपेठेतल्या एका फॉर्म भरणाऱ्या मुलाला दिला. त्यातून पैसे गेले नाहीत. याला आम्ही नशीब म्हणत नाही, योगायोग म्हणतो. काउंटरवर आम्ही रोज अशी माणसे पाहतो. कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहिलेला असतो आणि आलेला ओटीपी शेजारच्या पोराला मोठ्याने वाचून दाखवला जातो. आपल्या आईवडिलांनी एवढ्या कष्टाने अक्षर मिळवले, आणि म्हातारपणी पुन्हा दुसऱ्याच्या हातून फॉर्म भरून घ्यावयाचा? संगणक घरी असण्याचे खरे कारण आमच्या लेखी हेच आहे.

कोणी म्हणेल, मोबाईल आहे की. बरोबर आहे, आणि ज्यांचे काम मोबाईलवर भागते त्यांनी खर्च करू नये. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाण ही सोय २०१४ साली आली. पण शेतात आणि धुण्याभांड्यात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नसे. २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला देता येतो, आणि तो मोबाईलवरच देणे सोपे. परंतु सातबारा वाचणे, अर्ज लिहिणे, पासबुकाची नोंद तपासणे यांना मोठा पडदा लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो, पण त्यातली बारीक अक्षरे मोबाईलवर वाचून दाखवा! शिवाय इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पालि तिपिटक देवनागरी लिपीत संगणकावर उपलब्ध केले आहे. अक्षर हवे तेवढे मोठे करून ते वाचता येते.

आता मूळ प्रश्न. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुटे भाग जोडून घेतलेला संगणक कंपनीच्या संगणकापेक्षा बराच स्वस्त पडे, म्हणून 'असेंबल्ड' हा शब्द आपल्याकडे घरोघरी गेला. आज स्वस्तातल्या यंत्रांत तो फरक फारसा उरलेला नाही. कंपनी प्रोसेसर आणि मेमरी हजारोंच्या संख्येने घेते. आपण एकेक नग घेतो आणि त्यावर १८ टक्के कर भरतो. त्यात विंडोजचा परवाना कंपनीच्या यंत्राबरोबर येतो, आपल्याला तो वेगळा घ्यावा लागतो. जोडलेले यंत्र स्वस्त दिसते ते पुष्कळदा त्यात चोरीची विंडोज घातलेली असते म्हणून. बँकेतला माणूस म्हणून स्पष्ट सांगतो : ज्या यंत्रावर आईवडिलांचे निवृत्तिवेतन पाहावयाचे त्यात चोरीची प्रणाली घालू नका. परवाना परवडत नसेल तर लिनक्स विनामूल्य आहे. ब्राउझर, पत्रलेखन आणि व्हिडिओ पाहणे एवढ्याला ते उत्तम चालते. प्रिंटर मात्र आधी जोडून पाहावा. आणखी एक गोष्ट. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी माल उचलला. तेव्हा जुना अंदाजपत्रकाचा कागद घेऊन बाजारात जाऊ नये.

म्हणजे तयारच घ्यावा काय? इथे आपल्या तालुक्यातले एक उदाहरण आठवते. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे ती परदेशातून तयार आणलेली नाही. प्रा. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी ती इथे उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, आणि त्यांची तबकडी भरीव पत्र्याची नसून पोलादी तारांच्या जाळीची आहे. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात आला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तेथे प्रदर्शन भरते, ते विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. आम्हाला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट अशी की ज्यांनी ती बांधली त्यांचीच संस्था ती चालवते आणि दुरुस्त करते. आम्ही जोडलेल्या संगणकाचा कारागीर मात्र यंत्र ठेवून दुसऱ्या दिवशी नव्वदेक किलोमीटर लांब निघून गेला होता.

म्हणून जोडावा की घ्यावा हे ठरविण्याआधी एवढेच विचारावे : बिघडल्यावर कोण येणार? गावात किंवा जवळच्या बाजारपेठेत, म्हणजे जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावला, ओळखीचा दुरुस्ती करणारा असेल, किंवा घरात शिकणारा नातू-नात असेल, तर जोडलेला घ्यावा, आणि शक्यतो त्याच माणसाकडून जोडून घ्यावा. पुण्यापेक्षा दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. प्रमाणित आकाराचे भाग घेतले तर जळलेला एसएमपीएस तासाभरात बदलता येतो. जोडलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते आणि खोक्यातल्या प्रोसेसरला बहुधा तीन वर्षांची मिळते, पण त्यासाठी प्रत्येक भागाचे बिल हवे. ती बिले आईवडिलांच्या नावाने करून एका पाकिटात कॅबिनेटलाच चिकटवावीत.

तसे कोणी जवळ नसेल तर कंपनीचा घ्यावा, परंतु घरी येऊन दुरुस्तीची हमी आपल्या पिनकोडला लागू आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. जाहिरातीत 'घरपोच सेवा' लिहिलेले असते. ४१०५०२ किंवा ४१०५०३ सांगितल्यावर सूर बदलू शकतो. काही कंपन्यांच्या छोट्या यंत्रांत एसएमपीएस आणि मदरबोर्ड खास त्यांच्याच मापाचे असतात, आणि हमी संपल्यावर गावातल्या कारागिराला ते बदलता येत नाहीत.

कार्यालयांतून निघालेली वापरलेली यंत्रे हा तिसरा मार्ग. बांधणीने ती मजबूत असतात आणि किंमत कमी. फक्त वय पाहावे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र कोणी "एकदम कंडिशन" म्हणून देत असेल तर त्यावर लिनक्स घालावयाची तयारी असली तरच घ्यावे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हा गावाकडे मोठाच गुण. पण पडदा लहान, आणि एक कळ बिघडली तर दुरुस्ती महाग.

मार्ग कोणताही घ्या, विजेकडे दुर्लक्ष करू नका. एसएमपीएसचे काम २३० व्होल्टच्या घरगुती विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर वीज करून आतल्या भागांना देणे. शेतीपंप सुरू झाले की दाब खाली येतो, बंद झाले की वर उसळतो, आणि हा सगळा मार तो भाग खातो. त्यात काटकसर करणे म्हणजे धरणाच्या भिंतीत सिमेंट वाचवणे. आधी वायरमनकडून घराला अर्थिंग करून घ्या. मग ६०० व्हीएचा एक यूपीएस घ्या. त्यावर काम चालू ठेवावयाचे नसते, दहा मिनिटांत यंत्र नीट बंद करावयाचे असते. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवावे. साठवणीसाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नको, एसएसडी घ्या. तिच्यात हलणारे भाग नाहीत आणि जुने यंत्रही तिने चपळ होते. मेमरी ८ जीबी पुरे. पावसाळ्यात भीमाशंकरच्या बाजूच्या गावांत वीज कडाडू लागली की यंत्राचे आणि इंटरनेटचे, दोन्ही प्लग काढावेत. आमच्या आईने हे काम स्वतःकडे घेतले आहे. ती तिसरी शिकलेली. आबा विसरतात, ती विसरत नाही.

विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. संगणक जोडणे हे सायकलचे चाक खोलण्याइतकेच शिकता येण्यासारखे आहे. विहारात एका रविवारी एखादे जुने यंत्र खोलून पुन्हा जोडून पाहावे. संस्थेने एक एसएमपीएस, एक कीबोर्ड आणि एक मेमरीची पट्टी राखीव ठेवली तर ज्याचे यंत्र अडेल त्याला ती तात्पुरती देता येईल. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा शिलालेख आहे. एकट्याला न परवडणारे काम एकत्र येऊन करणे या डोंगरांना नवे नाही.

आमच्या घरी आता दुसरे यंत्र आहे. ते नारायणगावच्या एका मुलाने आमच्यासमोर जोडले. बिले पाकिटात आहेत आणि त्याचा नंबर आबांनी भिंतीवर खडूने लिहिला आहे. अक्षर दीडपट मोठे केले आहे, कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. मागच्या नोव्हेंबरात यंत्र चालू होईना तेव्हा तो मुलगा संध्याकाळी येऊन गेला. मेमरीची पट्टी सैल झाली होती, ती काढून पुसून बसवली. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळले. नेटबँकिंगचा नवा पासवर्ड काय ठेवला, हे आबांनी आम्हालाही सांगितले नाही.