किकवीची बॅग निघाली मॉरिशसला

पुणे-सातारा रस्त्यावर भोर तालुक्यात किकवी नावाचं गाव आहे. साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ मागे पडलं, की थोड्याच वेळात ते लागतं. पूर्वेला पुरंदर, पश्चिमेला लांबवर राजगड आणि तोरणा. आता समजा, या गावातल्या एका घरात बातमी येऊन थडकली, की यंदा सुट्टीत सगळी मंडळी मॉरिशसला निघाली! मग काय, घरात एकच गडबड. दादाला नवी जीन्स हवी. ताईला फोटोत शोभेल असा चकचकीत ड्रेस हवा. बाबा खिशाचा अंदाज घेतायत. आणि आजी म्हणते, "ते ज्वालामुखीचं बेट ना रे? पोरांचे पाय भाजतील तिथं!"

आजीच्या बोलण्यावर हसू नका हं. बॅग भरायला सुरुवात करायची, तर ती आजीच्या प्रश्नापासूनच करायला हवी. जिथं जायचं तिथली जमीन कसली, ऊन कसलं, वारा कसला, आणि आपण कोणत्या महिन्यात चाललोय? एवढं कळलं, की कपडे आपोआप ठरतात. आणि गंमत सांगू? किकवीच्या मुलांना यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं.

एकाच चुलीवरची भावंडं

किकवीच्या आसपास कुठेही खणा, काळा दगड लागणार. हा बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला लाव्हा बाहेर आला. थरावर थर साचत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्रीच्या डोंगरांकडे लांबून पाहिलंत, तर आडव्या पायऱ्या पायऱ्या दिसतात ना? त्या या थरांच्याच. दगडातली बारीक भोकंसुद्धा नीट बघा. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या खुणा आहेत.

आता पुढचं ऐका. बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात, की हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या एका फार तापलेल्या जागेवरून वर आला. ती जागा म्हणजे जणू एक पेटती चूल. चूल जवळजवळ जागच्या जागीच राहिली, पण तिच्यावरून आपला भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. चूल मात्र धगधगतच होती. तिनं पुढे समुद्राच्या तळावर डोंगरांची एक रांगच्या रांग उभी केली. साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वी तिच्यातून मॉरिशस वर आलं, आणि आज ती चूल रियुनियन या शेजारच्या बेटाखाली आहे. तिथला 'पितों द ला फुर्नेझ' हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर उफाळतो.

म्हणजे किकवीचा दगड थोरला आणि मॉरिशसचा दगड धाकटा, पण दोघं एकाच चुलीवरची भावंडं! मॉरिशसचे ज्वालामुखी हजारो वर्षांपूर्वीच शांत झाले. क्युरपीप गावात एका ज्वालामुखीचं मुख आहे, पण आत लाव्हा नाही, गर्द झाडी आहे. आपल्याकडे पाटा-वरवंटा या काळ्या दगडाचा असतो, तसाच तिथंही असतो. तिथले लोक त्याला 'रोश कारी' म्हणतात. तेव्हा आजीला सांगा, लाव्ह्यानं पाय भाजायचे नाहीत. उन्हानं तापलेल्या दगडानं मात्र भाजू शकतात, आणि तो चटका किकवीच्या कातळावर वैशाखात अनवाणी चालणाऱ्याला काही नवा नाही.

आधी महिना, मग कपडे

बॅग उघडण्यापूर्वी कॅलेंडर उघडा. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून तिथले ऋतू आपल्या उलटे. तिथला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल आणि हिवाळा मे ते ऑक्टोबर. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात, तर तिथं थंडीची सुरुवात झालेली असेल. ही थंडी काही हिमालयातली नव्हे. दिवसा छान ऊबदार वाटतं. पण संध्याकाळी वारा सुटला, की अंगात स्वेटर असावा असं वाटणारच.

दिवाळीच्या सुट्टीत गेलात, तर उन्हाळा नुकता लागत असतो. नाताळच्या सुट्टीत ऐन उन्हाळा. किकवीत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मॉरिशसमध्ये हीच गंमत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जानेवारीत घडते. म्हणजे आपण इकडे शाल गुंडाळून बसलेलो असतो, तेव्हा तिकडे सूर्य डोक्यावर!

उन्हाळ्यात तिथं चक्रीवादळंही येतात, विशेषतः जानेवारी ते मार्च या दिवसांत. शिवाय बेट चिमुकलं असलं, तरी हवा सगळीकडे सारखी नाही. पूर्वेकडून येणारे वारे मधल्या उंच भागाला भिजवतात, आणि पश्चिम किनारा त्यामानानं कोरडा राहतो. किनाऱ्यावर घामाच्या धारा लागलेल्या असताना वर क्युरपीपला पावसाची सर अंगावर येऊ शकते. आपल्याकडे नाही का, भोरच्या घाटात धो धो पाऊस असतो आणि पूर्वेकडे शेतकरी ढगांची वाट बघत असतो? तोच हा प्रकार. म्हणून ऋतू कोणताही असो, घडी घालून लहान होणारा रेनकोट आणि एक पातळ स्वेटर बॅगेत हवाच.

३८ परवडलं, ३२ नको!

किकवीत एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांच्या घरात जातो. मॉरिशसच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात तो ३०-३२ च्या आसपास असतो. मग वाटतं, हे तर सोपंच! पण तसं नाही. आपला एप्रिल कोरडा. आलेला घाम वाऱ्यानं लगेच वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. समुद्रकाठच्या हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं, त्यामुळे घाम वाळता वाळत नाही. अंग चिकचिकतं, जीव कासावीस होतो.

म्हणून पहिला नियम असा, की कपडा सैल हवा. अंग आणि कापड यांच्यामधून वारा खेळला पाहिजे. आपल्या आजोबांचा सदरा आणि पायजमा सैल असतो, तो उगाच नाही. दुसरा नियम : कापड पातळ आणि सुती हवं. तिसरा नियम : बाह्या लांब हव्यात. "उकाड्यात लांब बाह्या?" असं विचाराल. पण भर उन्हात शेतात काम करणारी माणसं बघा. अंग झाकूनच काम करतात ना? उन्हातले जंबुपार किरण, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरण, कातडी भाजतात. अंगाला लावायचं मलम लावावंच, पण ते पाण्यानं आणि घामानं निघून जातं. कपडा निघून जात नाही!

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. समुद्रात डुंबताना पुष्कळ मुलं पांढरा सुती बनियन घालतात. पण पातळ पांढरं कापड ओलं झालं, की त्यातून किरण जास्त आत शिरतात. पाण्यात असताना घट्ट विणीचा, गडद रंगाचा, लांब बाह्यांचा टी-शर्ट बरा. कोरड्या वाटेवर फिकट रंग आणि पाण्यात गडद रंग, हे लक्षात ठेवा.

पंच्याला नाकं मुरडू नका

आता बॅगेतला खरा राजा कोण? जीन्स? छे! जीन्स जड, गरम, आणि एकदा भिजली की दमट हवेत दिवसभर वाळायची नाही. राजा आहे आपला पंचा. नाकं मुरडू नका हं! अंग पुसायला पंचा. डोक्याला गुंडाळला की मुंडासं. मानेवर टाकला की मानेला ऊन लागत नाही. ओला करून डोक्यावर घेतला की गारवा. वाळूवर अंथरला की बसायला आसन. आणि पिळून दोरीवर टाकला, की टर्किश टॉवेलच्या कितीतरी आधी वाळतो.

मुंडाशाच्या वेढ्यांमध्ये हवा अडकते, म्हणून डोकं तापत नाही. टोपी घेणार असाल, तर चहूबाजूंनी काठ असलेली घ्या. नुसत्या पुढे झाप असलेल्या टोपीनं कान आणि मान उघडी राहते. आणि तिला हनुवटीखाली बांधायची नाडी हवी, नाहीतर टोपी वाऱ्याबरोबर आधी रियुनियनला जाईल!

राहता राहिले पाय. मॉरिशसची पुळण पांढरीशुभ्र आहे. काळ्या बेटाला पांढरी वाळू कशी? बेटाभोवती पोवळ्यांचं कडं आहे, त्या पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा चुरा म्हणजे ही वाळू. पण उथळ पाण्यात पोवळ्यांचे धारदार तुकडे असतात, आणि साळिंदरासारखे काटे असलेले सी अर्चिन नावाचे प्राणीही. म्हणून पाण्यात जाताना रबरी तळव्यांचे, पायाला धरून राहणारे बूट घाला. काळ्या खडकांवर चढायला कॅनव्हासचे बूट. राजगड चढून आलेले बूट असतील, तर ते नव्या कोऱ्या बुटांपेक्षा शंभरपट चांगले. नवे बूट प्रवासात हमखास चावतात.

ज्यांची बॅग नव्हतीच

तुमच्याआधी इथून तिकडे गेलेल्यांचीही थोडी आठवण काढू या. १८३४ पासून पुढे अनेक दशकं इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेले, साडेचार लाखांच्या आसपास. करारावर, म्हणजे 'ॲग्रीमेंट'वर, अंगठा उठवून गेले म्हणून ते 'गिरमिटिया'. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली, आणि त्यांतून कोकणातली, घाटावरची मराठी माणसं गेली. बरोबर असलंच तर एखादं गाठोडं. सुरुवातीच्या करारांत पगार आणि धान्याबरोबर कपडेही लिहिलेले असत : धोतर, बंडी, टोपी आणि कांबळं. उष्ण बेटावर कांबळं कशाला, हे आता तुम्हीच सांगू शकाल. उंचावरच्या हिवाळी रात्रींसाठी ते उपयोगी पडणारच.

या माणसांनी शेतातले काळे दगड हातांनी वेचून त्यांच्या राशी रचल्या. उसाच्या रानात त्या राशी आजही दिसतात. किकवीचा शेतकरी वेचलेल्या दगडांचे बांध घालतो ना, अगदी तसंच. पोर्ट लुई बंदरात हे मजूर ज्या १६ पायऱ्या चढून वर आले, तो 'आप्रवासी घाट' २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. त्यांचे वंशज गणेश चतुर्थी करतात, त्या दिवशी देशभर सुट्टी असते, आणि तिथल्या शाळांत मराठी हा विषय शिकता येतो. तेव्हा बॅगेत एक चांगला ठेवणीतला जोड असू द्या. कुणी मराठी घरी जेवायला बोलावलं, तर चुरगळलेल्या टी-शर्टात जाऊ नये!

आठ दिवसांची यादी (एका मुलाची किंवा मुलीची)

• सैल सुती सदरे किंवा शर्ट – ४ (त्यांतले २ लांब बाह्यांचे)
• हलक्या कापडाच्या पँटी, पायजमे किंवा सलवारी – ३
• पाण्यात घालायचा गडद टी-शर्ट व चड्डी – १ जोड
• आतले कपडे – ५ जोड (रोज धुवायचे, त्याला काही कमीपणा नाही)
• पंचे – २
• काठाची टोपी – १
• पातळ स्वेटर व रेनकोट – प्रत्येकी १
• ठेवणीतला जोड – १
• बूट – १ जोड, पाण्यातले बूट – १ जोड
• कपडे वाळवायला दोरी आणि थोडे चिमटे
• ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी

बॅग भरली, की ती स्वतः उचलून घराला दोन फेऱ्या मारा. दमलात? मग दोन गोष्टी काढा. विमानात सामानाचं वजन ठरलेलं असतं, ते तिकिटावर वाचा. आणि एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा, म्हणजे मोठी बॅग उशिरा आली तरी अडायचं नाही.

आई-बाबांना दोन शब्द : या यादीतलं बहुतेक सामान घरच्या कपाटात सापडेल. प्रवासासाठी म्हणून सगळं नवं घ्यायची गरज नसते. पैसे खर्च करायचेच, तर चांगली टोपी आणि पाण्यातले बूट यांवर करा. आणि बॅग मुलांनाच भरू द्या.

करून पाहा

मॉरिशसला जाणं लांब असलं, तरी हे प्रयोग अंगणातही होतील. दोन सारख्या स्टीलच्या वाट्यांत सारखं पाणी घ्या. एकीला काळं कापड गुंडाळा, दुसरीला पांढरं. तासभर उन्हात ठेवा आणि बोट बुडवून बघा. मग पंचा, टॉवेल आणि जीन्स एकाच वेळी भिजवून, पिळून दोरीवर टाका आणि कोण किती वेळात वाळतं ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग बंद न्हाणीघरात करा. तुमच्या न्हाणीघरातली दमट हवा म्हणजे छोटंसं मॉरिशसच! दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांडा, आणि मग जीन्सवाल्या दादाला तो कागद दाखवा.