उंचीचे उत्तर

स्वित्झर्लंडमधील डोंगराळ भागातले लोक एवढे चीज का खातात, असे तुम्हाला कोणी विचारले तर काय सांगाल? 'त्यांना आवडते म्हणून' हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. खरे उत्तर डोंगराच्या उंचीत दडले आहे. ते शोधायला चला, आल्प्स पर्वतातील लोट्शनताल नावाच्या दरीत.

या दरीतील ब्लाटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५४० मीटर उंचीवर वसले होते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. म्हणजे आपला डोंगर जेथे संपतो, जवळजवळ तेथे यांचे गाव सुरू होते!

गावाबाहेर पायवाटांवर पिवळ्या पाट्या दिसतात. त्यांवर किलोमीटर नव्हे, तर चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. चढावर नुसते अंतर कळून काय उपयोग? वर जाऊ लागलो की दर १००० मीटरला हवेचे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. झाडे विरळ होतात आणि वृक्षरेषेच्या वर मुख्यतः गवतच उरते.

माणसाला गवत पचत नाही, गाईला पचते. थंडीमुळे वरचे गवत उशिरा वाढते, म्हणून उन्हाळ्यात गुराखी गाई घेऊन टप्प्याटप्प्याने वर चढतात आणि सप्टेंबरच्या सुमारास खाली उतरतात. गाई उतरतात तो दिवस सणाचा. त्यांना फुलांनी सजवतात, गळ्यात मोठ्या घंटा बांधतात. स्वित्झर्लंडच्या या परंपरेला २०२३ साली युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान मिळाले.

पण उन्हाळ्यातले दूध हिवाळ्यापर्यंत टिकणार कसे? त्यासाठी कोमट दुधात रेनेट घालतात. वासराच्या जठरातून मिळणाऱ्या या पदार्थातील विकरामुळे दुधातील केसीन हे प्रथिन थिजते. पाणी निथळून, दाबून, मीठ लावून ते मुरवले की चीज तयार! साधारण १० लिटर दुधाचे १ किलो चीज होते. पाणी व वजन कमी, पोषण पुष्कळ, आणि टिकतेही महिनोन् महिने.

चीजचा कापलेला भाग विस्तवाजवळ धरतात आणि वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यांवर खरवडून घेतात. हाच 'राक्लेट'. फ्रेंच भाषेत 'राक्ले' म्हणजे खरवडणे. सोबतीला असते राय धान्याची पाव-भाकरी, कारण राय थंडीतही तग धरते. पूर्वी गावच्या सामाईक भट्टीत ही भाकरी वर्षातून दोन-तीनदाच भाजत आणि महिनोन् महिने पुरवत.

हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या सुमारास, दरीतील तरुण लाकडी कोरीव मुखवटे आणि बकऱ्या-मेंढ्यांची कातडी घालून, कमरेला घंटा बांधून गावात हिंडतात व लोकांना घाबरवतात. लाकूड, कातडे, घंटा ही सारी डोंगराचीच देणगी.

मात्र डोंगर नेहमी देतोच असे नाही. मे २०२५ मध्ये ब्लाटेनच्या वरचा कडा ढासळू लागला आणि त्याचे दगड खालच्या बिर्च हिमनदीवर साचू लागले. हालचाली मोजणाऱ्या तज्ज्ञांनी धोका ओळखला. १९ मे रोजी सुमारे ३०० रहिवाशांना गुरांसह हलवण्यात आले. २८ मे रोजी हिमनदी कोसळली आणि बहुतेक गाव बर्फ, चिखल व दगडांखाली गाडले गेले. एका माणसाचा मृत्यू झाला, बाकीचे गावकरी वाचले. तापमानवाढीमुळे आल्प्समधील हिमनद्या आक्रसत आहेत आणि कड्यांना घट्ट धरून ठेवणारा खडकांतील बर्फही वितळत आहे. म्हणून डोंगरावर नजर ठेवणे ही आता तेथे चीज करण्याइतकीच गरजेची विद्या झाली आहे.

जाता जाता एक कोडे. २००० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते. मग तेथे राक्लेटचे बटाटे लवकर शिजतील की उशिरा? विचार करा. आणि पुढच्या सहलीत गडावर जाताना तापमापक बरोबर न्या. पायथ्याशी व माथ्यावर सावलीत धरून तापमानाची नोंद करा. उंचीचे उत्तर तुमच्या वहीतही उतरेल.