जन्माने संशयित
ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा कोणी केला, हा प्रश्नच त्यात नव्हता. नोंद झालेल्या जमातीत जन्मलात की तुम्ही संशयित. पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती. गिरण्यांना मात्र तिथल्या माणसांचे हात चालत! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. कागदोपत्री. त्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आणि चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर, हा शिरस्ता सुटला नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांमधला विमुक्तांविरुद्धचा भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तोही ऑक्टोबर २०२४ मध्ये.